'आय थॉट' म्हणजे नक्की काय वाटलं होतं?

ताकपिठी

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मागच्या गुरुवारची गोष्ट. आमच्या टीमचं काम इंग्लंडातल्या क्लायंटसाठी चालतं. दुपारी चारच्या सुमारास तिकडच्या बाईंची मेल आली. एकच ओळ: 'आय थॉट वुई हॅड अग्रीड ऑन वेन्स्डे.' मला वाटलं बाईंना नीट आठवत नाहीये, खात्री करून घेतायत. मी लगेच उत्तर ठोकलं, 'येस, यू आर राइट, वुई हॅड अग्रीड ऑन वेन्स्डे.' वर एक स्मायलीही टाकली आणि चहाला गेले. परत येते तर मॅनेजरचे तीन मिस्ड कॉल. फाइल बुधवारी द्यायची होती, ती आम्ही दिलीच नव्हती. त्यांच्या पद्धतीने बाईंनी आम्हाला झापलं होतं, आणि मी त्यांची पाठ थोपटून कटिंग मारायला गेले होते.

गंमत म्हणजे हेच वाक्य कुणी मराठीत बोललं असतं, 'मला वाटलं आपलं बुधवारी ठरलं होतं', तर टोमणा मला झोपेतही कळला असता. इंग्रजीत का कळला नाही, यावर दोन दिवस डोकं खाजवलं. माझा निष्कर्ष असा की शाळेत 'थिंक म्हणजे विचार करणे' असं पाठ केलं होतं. त्यामुळे 'आय थॉट' दिसलं की डोक्यात 'मी विचार केला' उमटतं. खरं तर इथे 'विचार' कुठेच नाही. इथे आहे ते आपलं 'वाटणं'. आणि 'वाटलं' म्हणजे बहुतेक वेळा 'वाटलं, पण तसं नव्हतं'. इंग्रजीतही तेच. वाटण्याला भूतकाळात ढकललं की ते वाटणं बहुतेक वेळा निकालात निघालेलं असतं.

दुसरा प्रकार त्याहून बेरकी. कॉलवर मी म्हटलं की आपण सगळ्या शाखांचा डेटा एकत्र करून मग तपासू. बाई म्हणाल्या, 'आय वुड हॅव थॉट इट वॉज ईझिअर द अदर वे राउंड.' मी 'वुड हॅव' ऐकून ताडलं की हे कुठलं तरी कंडिशनल आहे, म्हणजे 'जर असं असतं तर मला तसं वाटलं असतं'. ते 'जर' काही येईना. मी वाट बघत गप्प, बाई गप्प. नंतर सिनिअरने सांगितलं, 'अगं, ती नको म्हणत होती.' म्हणजे सभ्य भाषेत 'काहीतरीच काय, उलट करा की!'

तर मंडळी, मागे काय वाटलं होतं आणि निघालं काय, हे इंग्रज लोक कसकसं सांगतात याचे तुमचे अनुभव येऊ द्या. मराठीशी तुलना असेल तर आणखी मजा.

चिंचोका

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). स्मायली पण टाकली!! दंडवत घ्या ताई.

आडवाटेचा

चांगला विषय. एक भर घालतो. बोलण्यात यातला निम्मा अर्थ आघातात असतो आणि मेलमध्ये तो गळून पडतो. म्हणून तुमची फसगत झाली.

उदाहरण बघा: 'आय थॉट यू वेअर मॅरिड.' यात 'मॅरिड'वर जोर दिला आणि सूर वर गेला, तर 'मला वाटलं तुझं लग्न झालंय (आणि झालेलं नाही होय?)'. तेच वाक्य 'थॉट'वर जोर देऊन म्हटलं, तर 'मला वाटलंच होतं तुझं लग्न झालं असणार'. म्हणजे अंदाज खरा ठरला. शब्द तेच आणि अर्थ थेट उलटे.

आपण हे काम जोरावर सोडत नाही, एका अक्षरावर सोपवतो. 'वाटलं' आणि 'वाटलंच'. त्या 'च'चे इंग्रजांवर उपकार नाहीत म्हणून बिचाऱ्यांना घसा ताणावा लागतो. लेखी मराठीतही 'च' दिसतो, त्यामुळे आपल्या मेलमध्ये घोळ कमी. (अर्थात आपण एकमेकांना मेल इंग्रजीत लिहितो ही गोष्ट वेगळी.)

परसबाग

आडवाटेचा, +१.

आमच्याकडे उलटी गंगा आहे. आम्ही न्यू जर्सीत, लेक सात वर्षांची. घरात मराठीच बोलते, पण विचार शाळेतल्या भाषेत चालतो. परवा रात्री नऊला मी पडले होते. ही पाणी प्यायला आली, मी कूस बदलली तशी म्हणाली, 'आई, मला वाटलं तू झोपली होतीस.' मी म्हटलं, 'हो गं, दुपारी जरा डोळा लागला होता.' 'दुपारी नाही, आत्ता!' 'आत्ता कुठे झोपलेय?' 'तेच तर म्हणतेय ना मी!' असं चार वेळा झालं. शेवटी बाबा मध्ये पडला.

मग लक्षात आलं. तिच्या डोक्यात 'आय थॉट यू वेअर स्लीपिंग' आहे. इंग्रजीत पुढचं वाक्य आधीच्या 'थॉट'च्या मागे मागे भूतकाळात जातं. आपण तसं करत नाही. आपल्याकडे मनात जे जसं आलं तसंच्या तसं ठेवतात: 'मला वाटलं तू झोपली आहेस', फार तर 'झोपली असशील'. वाटलं तेव्हा मनात 'आई झोपली आहे' असंच आलं होतं ना, मग ते 'आहे'च राहणार. मराठीत 'होतीस' म्हटलं की ते आणखी मागे जातं, म्हणून मी दुपारच्या झोपेचा हिशोब देत बसले.

हीच चूक आपण इंग्रजीत उलटी करतो. इथे नवीन असताना मी सर्रास 'आय थॉट यू आर अ व्हेजिटेरियन' म्हणायचे. आणि कुणी मला 'आय थॉट यू वेअर अ व्हेजिटेरियन' म्हणालं की मी घाईघाईने 'आय स्टिल ॲम!' मला वाटायचं, हिने माझ्यावर बाटल्याचा आरोप केला. तिला फक्त एवढंच म्हणायचं असायचं की तुझ्या ताटात ते काय आहे? (मश्रूम होते.)

तिरपागडा

परसबाग ताई, मश्रूमवर आमच्या आजीने पण हाच आरोप केला असता.

आता माझं घोडं दामटतो. आपल्याकडे 'वाटलं' पेक्षाही जास्त चालणारा शब्द कुणी काढलाच नाही, तो म्हणजे 'म्हटलं'. 'म्हटलं तू आज यायचा नाहीस.' 'म्हटलं जरा बघून यावं.' 'म्हटलं पाऊस थांबेल, कसचं काय!' यात कोणी कोणाला काही म्हणालेलं नसतं. सगळं मनातल्या मनात.

माझी मावशी बर्मिंगहॅमला मुलाकडे सहा महिने राहून आली. शेजारच्या गोऱ्या आजींशी तिची गट्टी. एकदा सकाळी त्या आजी बागेत उशिरा आल्या. मावशी कुंपणावरून म्हणाली, 'आय सेड यू मस्ट बी स्लीपिंग!' आजी चमकल्या, 'डिड यू? व्हेन?' मावशी म्हणे, 'नाऊ ओन्ली!' आजींनी कानातलं यंत्र काढून हलवून पाहिलं, परत घातलं, आणि 'से इट अगेन, डिअर' म्हणाल्या. हे मावशीने स्वतः सांगितलंय आणि ती अजून मानते की आजींना कमी ऐकू येत होतं.

गोदाकाठ

थोडं अवांतर. 'थॉट'चे भाऊबंद आहेत 'सपोज', 'अझ्यूम', 'प्रिझ्यूम'. त्यातल्या 'प्रिझ्यूम'ची गोष्ट आमच्या नाशिकपर्यंत येते म्हणून सांगतो.

आफ्रिकेच्या आतल्या भागात गेलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचा बरेच दिवस पत्ता नव्हता. त्यांना शोधायला वार्ताहर हेन्री स्टॅन्ली गेला. १८७१ साली टांगानिका सरोवराकाठच्या उजिजीत दोघं भेटले आणि स्टॅन्लीने टोपी उंचावून म्हटलं, 'डॉक्टर लिव्हिंग्स्टन, आय प्रिझ्यूम?' हे वाक्य अजरामर झालं. आता त्या गावात दुसरा गोरा माणूस असण्याचा संभव फारसा नव्हता, त्यामुळे 'आपण लिव्हिंग्स्टनच असणार' हे विचारणंच विनोदी. नुसतं गृहीत धरणं म्हणजे 'अझ्यूम'. हाताशी काही आधार असेल आणि त्यावरून ताडलं असेल तर 'प्रिझ्यूम'. स्टॅन्लीच्या रोजनिशीतली त्या भेटीची पानंच फाडलेली आहेत, त्यामुळे तो खरंच तसं म्हणाला की मागाहून सुचलं, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणजे ते वाक्य आपणही प्रिझ्यूमच करायचं.

नाशिक कुठे आलं? शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीची शाळा होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा मृत्यूची नोंद झाडाच्या बुंध्यावर कोरली ती याने. पुढे शव समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधीलाही हजर होता. शरणपूर रोडवर सिग्नलला थांबतो तेव्हा दर वेळी नाही, पण अधूनमधून आठवण येते. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की शरणपूर हे जुन्या कुठल्या तरी गावाचं नाव असेल. शरण आलेल्यांचं पूर, हे डोक्यातच आलं नव्हतं.

ताकपिठी

गोदाकाठ, हे अवांतर नाही, रत्न आहे. मी नाशिकची सून असून मला ठाऊक नव्हतं.

अझ्यूमवरून आठवलं. आमच्या बाईंचे दोन मासले:

'आय अझ्यूम यू हॅव चेक्ड द टोटल्स' म्हणजे 'बेरजा तपासल्या असतीलच ना'. इथे अजून वाचायची संधी आहे.

'आय अझ्यूम्ड यू हॅड चेक्ड द टोटल्स' म्हणजे बेरजा चुकल्यात, बाईंना कळलंय, आता मोबाइल सायलेंटवर टाका.

दोन्हींत फरक म्हणाल तर शेपटीला लागलेल्या दोन 'ड'चा.

फॉलोऑन

ताई, तुमच्या सिद्धांताला एक यॉर्कर. 'आय थॉट' म्हणजे निकालात निघालेलं वाटणं, हे दर वेळी खरं नाही. कुठल्याही सामन्यानंतरचं बक्षीस समारंभाचं बोलणं ऐका. कप्तान म्हणतो, 'आय थॉट द बोलर्स वेअर ब्रिलियंट.' म्हणजे काय, आधी वाटलं होतं आणि आता मत बदललं? मुळीच नाही. ब्रिलियंट होते असं त्याला अजूनही वाटतं. 'आय थॉट वुई वेअर फिफ्टीन रन्स शॉर्ट' हे तर हरलेल्या कप्तानाचं ठरलेलं गाऱ्हाणं, आणि त्यातलं वाटणं खोटं ठरलेलं नसून चांगलंच खरं ठरलेलं असतं.

माझ्या मते इथे भूतकाळ आहे तो सामना संपला म्हणून. नाटक पाहून बाहेर आल्यावर आपण म्हणतो ना, 'मला आवडलं बुवा.' म्हणजे आता आवडत नाही असं थोडंच?

ताकपिठी

बोल्ड. मान्य. मग असं म्हणू का, की एखादी गोष्ट कशी झाली त्यावरचं मत असेल तर 'थॉट' जिवंत, आणि वस्तुस्थिती काय आहे याचा अंदाज असेल तर 'थॉट' मेलेला? 'मला सिनेमा बरा वाटला' विरुद्ध 'मला वाटलं सिनेमा सहाचा आहे'. दुसऱ्यात आपण थिएटरबाहेर उभे असतो.

अनुस्वार

ताकपिठी, ही वाटणी पटण्यासारखी आहे. थोडं व्याकरण घालतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

'हॅड होप्ड', 'हॅड एक्स्पेक्टेड', 'हॅड थॉट' अशी रूपं इंग्रजीत आली की आशा फळली नाही हे जवळजवळ ठरलेलं. 'आय हॅड होप्ड टु सी यू' म्हणणारा माणूस तुम्हाला भेटलेला नाही. मराठीत हेच काम 'होता' करतो. 'तो येणार आहे' ही बातमी झाली, 'तो येणार होता' हे रडगाणं. 'मला वाटलं' अजून थोडं तटस्थ राहू शकतं, 'मला वाटलं होतं' म्हटलं की सुस्कारा ऐकू येतो. 'जायचं होतं', 'सांगायचं होतं', 'द्यायची होती' (ताईंची फाइल), सगळीकडे एका 'होतं'ने पाणी फिरवलेलं. इंग्रजीतलं 'वॉज सपोज्ड टु' अगदी इथे बसतं. 'ही वॉज सपोज्ड टु कम' म्हणजे 'यायचा होता तो'. आला असता तर कोणी असं म्हणालंच नसतं.

आता आश्चर्याचं. काही भाषांत 'अरे, हे नवीनच कळलं!' हा भाव क्रियापदालाच चिकटतो. भाषाशास्त्रात त्याला मिरॅटिव्हिटी म्हणतात. स्कॉट डीलान्सी यांच्या १९९७च्या लेखामुळे हा शब्द रुळला, आणि असा वेगळा प्रकार मानावा की नाही यावर अभ्यासकांची भांडणंही झाली. नेहमीचं उदाहरण तुर्कीचं. 'गेल्दी' म्हणजे 'आला'. 'गेल्मिश' म्हणजे 'आला म्हणे', किंवा खुणांवरून 'आलेला दिसतोय', किंवा दार उघडल्यावर समोर पाहून 'अरेच्चा, आला की!'. इंग्रजीत असा प्रत्यय नाही. मग ते लोक 'टर्न्स आउट' लावतात, नाहीतर 'हू शुड वॉक इन बट माय ओल्ड टीचर' अशी वळणं घेतात. त्या 'शुड'चा कर्तव्याशी काही संबंध नाही. मराठीत ते सरळ होतं: 'आणि दारात कोण? तर आमचे मास्तर!'

आपल्याकडे क्रियापदाला नाही, पण वाक्याच्या शेपटाला हा भाव लागतो. 'आलास की!' 'आलास तर!' 'तू होय!' तिन्ही वेगळी आहेत. 'आलास की' म्हणजे येशील असं वाटत नव्हतं. 'आलास तर' म्हणजे येतोस की नाही अशी धाकधूक होती. 'तू होय' म्हणजे दुसराच कोणीतरी वाटला होता. आणि 'निघाला' विसरू नका. 'साधू वाटला, भामटा निघाला.' 'टर्न्ड आउट टु बी'ला याहून नेमकं मराठी मला माहीत नाही.

नारळपाणी

अनुस्वार, आमच्या मालवणीत 'की' बी कशाला? 'माका वाटला तू येवचंस नाय, इलंस मरे!' त्या 'मरे'त आश्चर्य, आनंद, थोडा राग, सगळं आलं. करा भाषांतर!

अनुस्वार

नाही जमणार. हार मान्य.

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. एक कळत नाही. इंग्रज बाई 'तुम्ही फाइल दिली नाही' असं सरळ का लिहीत नाही? आणि तिने आडून लिहायचं, वर आपण तिचे आघात नि शेपट्या शिकायच्या? आपण मराठी माणसं तोंडावर बोलतो तेच बरं.

तिरपागडा

तोंडावर? सासूबाईंचं 'मला वाटलं तू सकाळीच कणीक भिजवून ठेवली असशील' कधी ऐकलं नाहीत वाटतं.

चिंचोका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

परसबाग

स्पष्टवक्ता, सगळंच आडून नसतं हो, काही नुसता अदब असतो. इथे बँकेत फोन केला की 'अँड व्हॉट वॉज युअर नेम अगेन?' पहिल्यांदा मला वाटलं लग्नाआधीचं नाव विचारतायत, मी ते सांगून मोकळी. मग खातं सापडेना. आपलं 'काय नाव म्हणालात?' तसंच आहे ते. 'तुम्ही सांगितलं होतंत, मीच विसरले' असा दोष स्वतःकडे घ्यायचा. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' हेही तसलंच. सुरुवातीला नवरा विचारायचा, आता वंडर करणं थांबलं का?

आणि हो, 'शी इज एक्स्पेक्टिंग' (म्हणजे तिला दिवस गेलेत) ऐकून 'एक्स्पेक्टिंग व्हॉट?' विचारणाराही तोच.

आडवाटेचा

तुमच्या मिस्टरांना इथे आयडी काढून द्या.

ताकपिठी, त्या 'वुड हॅव थॉट'बद्दल राहिलं होतं. तुम्ही 'जर'ची वाट पाहिलीत ते चूक नव्हतं. 'जर' असतो, पण गिळलेला असतो: 'मला कोणी विचारलं असतं तर'. आपण विरोध करताना 'मला आपलं वाटतं हं' म्हणून आवाज बारीक करतो, ते काळ बदलून बारीक करतात. 'यू वुड थिंक'ही तसंच, फक्त तो टोमणा असतो. 'यू वुड थिंक दे वुड फिक्स द लिफ्ट' म्हणजे 'माणसाला वाटेल, एव्हाना लिफ्ट दुरुस्त करतील!' केलेली नसते.

ताकपिठी

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं (पाहा, फळलेली निराशा!).

एक ताजी खबर. अद्दल घडल्यामुळे या आठवड्यातली फाइल मी मंगळवारऐवजी सोमवारीच पाठवली. आत्ता बाईंची मेल आलीये: 'ओह! आय वॉजन्ट एक्स्पेक्टिंग धिस टिल टुमॉरो.'

आता हे कौतुक आहे, की घाईत केलेलं दिसतंय असं म्हणतायत, की त्यांची सोमवारची कामं बिघडवली? 'ओह'वर जोर कुठे आहे ते मेलमध्ये कळत नाही. पटकन सांगा, चार वाजत आलेत.

चिंचोका

आधी मॅनेजरला दाखवा. मगच चहा. आणि स्मायली नको.